बीबी बदलली, आवाज गेला. म्हणून सिद्ध काय झालं?

रोड सायकल चढावर कुरकुरायला लागली की तिचं निदान आधीच ठरलेलं असतं: बीबी गेली. पेडल मारलं की आवाज येतो, पाय थांबवले की आवाज थांबतो आणि ऐकणाऱ्याला तो खालून, दोन क्रँकच्या मधून आल्यासारखा वाटतो. तिथे असते बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो ती जोडणी. मग दुसरा कोण दोषी असणार? नवी बीबी बसते, आवाज जातो, बिल चुकतं होतं आणि पुढच्या रविवारी चहाच्या टपरीवर आणखी एका सायकलस्वाराला हाच सल्ला मोफत मिळतो.

या निदानाच्या बाजूने तीन दाखले दिले जातात. आवाज तिथूनच ऐकू येतो, हा पहिला. तो पेडलच्या तालावर येतो, हा दुसरा. आणि बीबी बदलल्यावर तो गेला, हा तिसरा, ज्याच्यापुढे सगळेच गप्प बसतात. तिन्ही दाखले ऐकायला चोख आहेत आणि तिन्ही तपासायला घेतले की ढिले पडतात. कधीकधी दोष खरोखर बीबीचा असतो, हे मला मान्य आहे. माझा वाद ते न तपासता ठरवण्याशी आहे.

आधी कानांची साक्ष घेऊ. आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे आपल्याला कळतं, कारण तो एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. आता सायकलवर बसलेल्या माणसाचा विचार करा. हँडलचा स्टेम, हेडसेट, बीबी, सीटपोस्ट, मागचा हब हे सगळे जवळपास एकाच उभ्या पातळीत आहेत, आणि ती पातळी त्याच्या नाकासमोरून जाते. यांतल्या कुठल्याही जागेचा आवाज दोन्ही कानांना जवळपास एकाच वेळी पोचणार. दिशा ओळखण्याचं आपलं सर्वांत धारदार हत्यार नेमकं इथे बोथट होतं. त्यात भर म्हणजे आवाज धातूतून सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने जातो, हवेतून जेमतेम ३४० मीटर. मागच्या टोकाला झालेली कुरकुर क्षणात सगळ्या फ्रेममध्ये पसरते आणि पातळ भिंतीची रुंद डाऊनट्यूब ती मोठी करून ऐकवते. ही नळी बीबीपाशीच येऊन मिळते. 'मला स्पष्ट खालून ऐकू येतंय' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याचे कान ज्या कामासाठी बनलेलेच नाहीत, ते काम तो त्यांच्याकडून करून घेत असतो, इतकंच.

दुसरा दाखला तालाचा. पेडलच्या प्रत्येक फेरीला आवाज येतो, म्हणजे फिरणाऱ्या भागातच दोष, असं गृहीत धरलं जातं. पण पेडलच्या तालावर फक्त क्रँक फिरते का? चढावर उजवा पाय दाबला की उजवा हात हँडल वर ओढतो, खोगीर किंचित कलतं, फ्रेम वाकते आणि चेन मागच्या चाकाला खेचते. पायाचा जोर क्रँक आडवी असताना सर्वांत जास्त असतो, म्हणजे दोन पायांचे मिळून एका फेरीत दोन हिसके. सायकलीचा प्रत्येक सांधा हे हिसके त्याच तालावर खातो. हिशेबच करून पाहा. १७२.५ मिलिमीटरच्या क्रँकवर ६० किलोचा भार टाकला आणि चेन ३४ दात्यांच्या चेनरिंगवर असली, तर चेनमध्ये सुमारे १५० किलोचा ताण येतो. हा ताण मागच्या ॲक्सलवर पडतो, तोही एकाच बाजूने, उजव्या. तिथल्या दोन कोरड्या पृष्ठभागांमध्ये चिमूटभर कचरा असेल, तर ते आधी एकमेकांना धरून ठेवतात, मग एकदम घसरतात. कुरकुर म्हणजे हेच. पाय थांबले की ताण संपतो आणि आवाजही थांबतो. पेडलचा ताल जोर कधी पडतो ते सांगतो. जोर कुठे मुरतो ते सांगत नाही.

बेअरिंगचा हिशेब तर उलटच निघतो. बीबीच्या बेअरिंगमध्ये बाहेरची कडी स्थिर असते आणि आतली दांड्याबरोबर फिरते. छर्‍यांची जाळी मात्र दांड्याच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने फिरते. म्हणजे एखादा छर्रा फुटका असला, तर तो दर फेरीला क्रँकच्या त्याच जागी येऊच शकत नाही. त्याचा आवाज तालातून सरकत राहतो. आतल्या कडीला खड्डा पडला असेल, तर एका फेरीत त्यावरून अनेक छर्रे जातात आणि ऐकू येते ती घरघर. दर फेरीला, बरोबर एकाच जागी, एकदाच होणारा 'टक्' हा आवाज छर्‍यांवर टाकणं जवळपास अशक्य आहे. तो फ्रंट डिरेल्युअरच्या केबलचं वाढलेलं टोक क्रँकला घासल्याचा असू शकतो, बुटाच्या लेसचा असू शकतो, सैल पेडलचा किंवा क्लीटचा असू शकतो. आणि असं असूनही नवी बीबी विकली जाते.

आता तिसरा दाखला: बीबी बदलली आणि आवाज गेला. शिमानोच्या होलोटेक पद्धतीची बीबी बदलताना प्रत्यक्षात काय काय होतं, ते बघा. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट सैल होतात, टोकाची प्लास्टिकची टोपी निघते, डावा क्रँक निघतो. चेन चेनरिंगवरून उतरवली जाते. उजवा क्रँक दांड्यासकट बाहेर येतो. दोन्ही वाट्या निघतात, फ्रेमचे आटे पुसले जातात, त्यांत साचलेली वाळू निघते. नव्या वाट्या ताजं ग्रीस लावून ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळल्या जातात. दांडा आणि त्याच्या खाचा पुसून, ग्रीस लावून दांडा परत घातला जातो. टोपी हलक्या हाताने, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर. क्रँकचे बोल्ट १२ ते १४. बहुतेक वेळा चेनरिंगही पुसली जाते, चेनला तेल मिळतं, पेडल काढून परत लावली जातात. काम नीट करणारा असेल, तर मागचं चाक काढून सायकल धुतोही.

यात बदललेल्या गोष्टी किती झाल्या? नवा पार्ट एक, बाकी डझनभर सांधे साफ झालेले, ओलावलेले, योग्य ताकदीने आवळलेले. त्यांतल्या कुठल्याही एकाने आवाज गेला असू शकतो. श्रेय मात्र फक्त बिलावर ज्याचं नाव छापलं आहे त्यालाच मिळतं. सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशीच डॉक्टरांचं औषध सुरू केलं आणि ताप उतरला, तर घरात दोन पक्ष पडतात. सायकलच्या दुकानात एकच पक्ष असतो. जुनीच बीबी काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवली असती तरी आवाज गेला असता का, हा प्रश्न विचारल्याशिवाय नव्या बीबीने काय केलं ते कळूच शकत नाही. आणि तो प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तोवर जुनी बीबी भंगारात गेलेली असते.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने ती परत मागून घेतली होती. त्याची ॲल्युमिनियमची सायकल, आट्यांची बीबी, मागचं चाक क्विक रिलीजचं. सिंहगडाच्या चढावर दर पेडलला कुर्र. दुकानात निदान झालं, बीबी बदलली, आवाज गेला. पावसात दोन-तीनदा भिजली, आवाज परत. दुसरं निदान: चेन आणि कॅसेट. तो खर्च करण्याआधी आम्ही जुनी बीबी बघितली. बोटाने फिरवली तर दोन्ही बाजू लोण्यासारख्या मऊ, ना खडखड ना खेळ. मग चढावर एकेक गोष्ट बदलून पाहिली. खोगीर सोडून उभं राहून चालवली, आवाज तोच; म्हणजे सीटपोस्ट आणि खोगीर सुटले. हँडल हलक्या हाताने धरलं, आवाज तोच. दुसऱ्याची पेडल लावली, आवाज तोच. मग दुसऱ्याचं मागचं चाक लावलं आणि सायकल मुकी झाली. त्याचं स्वतःचं चाक काही न पुसता परत लावलं: कुर्र. आता ॲक्सलची टोकं आणि फ्रेमची जिथे ती टेकतात ती तोंडं फडक्याने पुसली. फडक्यावर राखाडी, किरकिरीत पेस्ट आली. ग्रीसचा पुसट हात फिरवला, क्विक रिलीज नीट आवळला. शांत. शेवटी, निव्वळ खोडी म्हणून, ती भंगारात जाणारी बीबी परत बसवली. तरी शांत.

पहिल्यांदा आवाज का गेला होता, हेही त्यातून उलगडलं. दुकानात सायकल धुताना मागचं चाक काढलं होतं. दोष गेला होता धुण्याने आणि पैसे लागले बीबीचे.

यातली महत्त्वाची पायरी आवाज जाण्याची नाही, परत येण्याची आहे. चाक बदललं आणि आवाज गेला, एवढ्याने फक्त संशय बळावतो. तेच चाक परत लावल्यावर आवाज परत आला, तेव्हा पुरावा मिळतो. जो आवाज आपल्याला हवा तेव्हा परत आणता येत नाही, त्याचं कारण सापडलं असं म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही. हा नियम मान्य केला तर सायकलींवर केलेली निम्मी 'यशस्वी' दुरुस्ती योगायोगाच्या खात्यात टाकावी लागेल, आणि तसं करायला माझी हरकत नाही.

इथे एक जाणकार आवाज हमखास मध्ये पडतो: 'आट्यांच्या बीबीचं ठीक आहे, पण प्रेस-फिट असेल तर तपासायचं काय? ती कुरकुरतेच.' प्रेस-फिटचा लौकिक वाईट आहे आणि तो तिने कमावलेला आहे. कॅननडेलने २००० साली बीबी-३० आणली, त्यात आटे नव्हतेच. बेअरिंग थेट फ्रेममध्ये ४२ मिलिमीटरच्या भोकात दाबून बसवायचे. वजन कमी, दांडा जाड, पण भोक किंचितही मोठं किंवा वाकडं असलं की बेअरिंग आत हलणार आणि कुरकुरणार. अनेक कंपन्या पुढे आट्यांकडे परतल्या: स्पेशलाइज्डची टारमॅक एसएल-७ २०२० मध्ये आट्यांसह आली, खुद्द कॅननडेलची सुपरसिक्स इव्हो २०२३ मध्ये. पण या इतिहासातून नवी बीबी विकण्याचं समर्थन कसं निघतं? भोक मोठं असेल, तर दोष फ्रेमचा आहे. त्यात तशीच नवी बीबी दाबली तर तीही महिन्या-दोन महिन्यांत हलू लागणार. तिथे योग्य चिकटद्रव्य लागेल, किंवा दोन वाट्या मध्ये एकमेकींत आट्यांनी आवळल्या जातात ती बीबी लागेल. म्हणजे प्रेस-फिटमध्येही आवाज कशाचा, हे आधी ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि आट्यांची बीबी निष्पाप असते, असंही कुठे आहे? आटे कोरडे पडले की त्याही वाट्या कुरकुरतात, फक्त त्यांना पान्याचा एक पिळा आणि थोडं ग्रीस पुरतं.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. 'वीस वर्षं हेच काम करतोय, आवाज ऐकून सांगतो.' अनुभवाचा मान ठेवलाच पाहिजे, कारण कुठे आधी बघायचं हा क्रम अनुभवच देतो. पण हा अनुभव कसा साठतो ते बघा. ज्याचा आवाज गेला, तो गिऱ्हाईक समाधानाने परत येतो आणि सांगतो. ज्याचा आवाज पावसानंतर परत आला, तो चिडून दुसऱ्या दुकानात जातो. पहिल्याला ते कधी कळतच नाही. मेकॅनिकच्या वहीत यशाची नोंद होते, अपयशाची होत नाही. अशा वहीवरून वीस वर्षांत तयार झालेली खात्री मोठी असते, खरी असेलच असं नाही. शिवाय दुकानात सायकल तपासली जाते ती स्टँडवर, हाताने पेडल फिरवून. जो आवाज १५० किलोच्या ताणाखाली येतो, तो हाताच्या जोरावर कसा येणार? स्टँडवर आवाज आला नाही, म्हणजे काही कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

स्प्रेवाले आणि पानावाले, हे आणखी दोन पंथ. पहिले डब्ल्यूडी-४० ची नळी सगळ्या सांध्यांवर फिरवतात. आवाज चार दिवस गप्प बसतो आणि कुठल्या सांध्याने तो गप्प बसला याचा माग पुसला जातो. डिस्क ब्रेकवर उडाला तर ब्रेकही जातात. दुसरे दिसेल तो बोल्ट गच्च आवळतात. कॅसेटच्या रिंगला ४० न्यूटन-मीटर लागतात, पण तोच हात कार्बनच्या सीटपोस्टवर चालवला तर जिथे कुरकुर होती तिथे तडा मिळतो. एका फटक्यात सगळं दुरुस्त करणारा उपाय नेमकं कशाने दुरुस्त झालं हे सांगू शकत नाही. चार उपाय एकदम केले, तर एकाही उपायाबद्दल काही कळत नाही.

मग 'आवाजच तर आहे, चालवा' असं म्हणणारे राहतात. त्यांचं म्हणणं नव्वद टक्के वेळा चालून जातं, आणि उरलेल्या वेळी महागात पडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने ड्युरा-एस आणि अल्टेग्राच्या ११-स्पीड क्रँक तपासणीसाठी परत बोलावल्या. या क्रँक दोन भाग चिकटवून बनवलेल्या होत्या, १ जून २०१२ ते ३० जून २०१९ या काळात तयार झालेल्या. चिकटवलेले भाग सुटून क्रँक मोडू शकते, हे त्यामागचं कारण. एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या सुमारे ६,८०,००० होती आणि कॅनडात ८०,०००. अशी क्रँक सुटू लागली आणि कुरकुरली, तर तो आवाज कुठून येतोय असं वाटेल? बीबीपासून. तिथे बीबी बदलणारा माणूस नुसते पैसे वाया घालवत नाही. ज्या क्रँकवर चढात उभं राहायचं, तीच पुसून, आवळून परत बसवतो आणि गिऱ्हाइकाला 'आता बिनधास्त चालवा' असं सांगतो. चुकीचं निदान कधीकधी निदानच न करण्यापेक्षा वाईट असतं, ते यामुळे.

तपासायचं कसं, याला काही गूढ विद्या लागत नाही. आवाज किती वेळाने येतो ते मोजता यावं लागतं. पाय थांबवूनही आवाज चालू राहिला तर तो चाकाचा: खोल रिममध्ये खडखडणारा व्हॉल्व्ह, ब्रेक, सैल आरा. चेनरिंग ५० दात्यांची आणि चेन ११० कड्यांची असेल, तर चेनची एक पूर्ण फेरी क्रँकच्या २.२ फेऱ्यांत होते. दर दोन फेऱ्यांना, हळूहळू सरकत येणारा टक् म्हणजे चेनमधली एखादी आखडलेली कडी. तीच चेन ३४ वर टाकली की अंतर वाढून ३.२ फेऱ्या होतं. वाढलं तर संशय पक्का. ५० वर असताना ११ दात्यांचं जॉकी व्हील एका फेरीत साडेचार वेळा फिरतं, म्हणून त्याचा आवाज किरकिरीसारखा भरभर येतो. एका फेरीला एकदा येणारा आवाज असेल तर एकाच पायाने पेडल मारून बघा. फेरीला दोनदा येणारा असेल तर उभं राहून, मग बसून. शेवटी उरलेला संशयित दुसऱ्या सायकलवरून उसना आणा: पेडल, चाक, खोगीर. या यादीत बीबी सर्वांत शेवटी येते, कारण ती उसनी मिळत नाही आणि तिथे पोचायला सगळं उघडावं लागतं. सगळे सुटल्यावर तीच उरली, क्रँक बाजूला हलवून खेळ जाणवला, चेन उतरवून हाताने फिरवताना खरखर लागली, तर खुशाल बदला. तेव्हा मी तुमच्या बाजूने.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा आहे आणि तो मेकॅनिकचा आहे. चढावर नेऊन अर्धा-पाऊण तास आवाज ऐकायचा, चाकं बदलायची, आणि शेवटी फडक्याने दोन तोंडं पुसून ग्रीस लावायचं. याचं बिल किती करायचं? शंभर रुपये मागितले तरी गिऱ्हाईक म्हणणार, 'नुसतं पुसण्याचे?' तोच माणूस नव्या बीबीचे पैसे हूं की चूं न करता देतो, कारण हातात काहीतरी चकचकीत मिळतं. दुकानदार पार्ट विकतो तो लबाड असतो म्हणून नव्हे. निदान विकत घेणारं गिऱ्हाईकच आम्ही शिल्लक ठेवलेलं नाही म्हणून. दोष वाटून घ्यायचा तर मोठा वाटा आपल्याकडे, सायकल चालवणाऱ्यांकडे येतो.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात 'बीबी बदलून द्या' म्हणून जाऊ नका. आवाज कधी येतो, कधी थांबतो, क्रँकच्या किती फेऱ्यांना येतो हे कागदावर लिहून न्या. आवाज शोधण्याचे वेगळे पैसे आधी ठरवा आणि दोष फडक्याने गेला तरी पूर्ण द्या. पार्ट बदलायचाच झाला, तर जुना हातात घेतल्याशिवाय बिल भरू नका. आणि 'आवाज गेला' असं कोणी सांगितलं, तर त्याला एवढंच म्हणा: परत आणून दाखव.